नवसागराचे दोन धर्म

घासलेलं भांडं चकाकलं की ते स्वच्छ झालं, यावर आपला इतका विश्वास असतो की चकाकी आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात हे सहसा मनात येत नाही. हैदराबादेत, मुसीच्या दक्षिणेकडच्या काठाला वसलेल्या मलकपेठेतलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणावं. देवघरात पितळेची समई, तांब्याचं ताम्हन, पळी-पंचपात्र, चांदीची निरांजनं आणि कुलदैवतांचे टाक. स्वयंपाकघरात स्टीलचे डबे, ॲल्युमिनियमचं पातेलं, लोखंडाचा तवा. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बिदरीचं एखादं फुलपात्र किंवा पानदान. १९५६ पर्यंत मराठवाडा, तेलंगण आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या शेजाराची खूण अशा कपाटांत अजून दिसते. सात-आठ धातू आणि मिश्रधातू एका छपराखाली नांदतात आणि दसरा-दिवाळी जवळ आली की सगळे एकाच मोरीत, एकाच चिंचेच्या कोळाने किंवा एकाच पुडीने घासले जायला हजर होतात. माझं म्हणणं असं की धातू साफ करण्यात मेहनत नंतर येते, निवड आधी. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. चिंच, लिंबू, सोडा, अमोनिया यांना ते ठरवता येत नाही; समोर जो थर येईल त्याच्याशी ती अभिक्रिया करतात आणि मोकळी होतात.

तांब्यापासून सुरुवात करू, कारण चिंचेचं नाव तांब्यानेच मोठं केलं आहे. उघड्या हवेत तांब्यावर आधी तपकिरी आणि मग काळपट असा ऑक्साइडचा थर चढतो. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत राहिला तर कडांना, नक्षीच्या खाचांत हिरवट जंगाल धरतं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये असेटिक. या सगळ्या आम्लांचं काम एकच: ऑक्साइडशी संयोग पावून तांब्याचा पाण्यात विरघळणारा क्षार तयार करायचा. तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की धातूंच्या क्रियाशीलतेच्या क्रमात तांबं हायड्रोजनच्या खाली येतं. त्यामुळे चिंचेचं आम्ल काळा थर झपाट्याने काढतं, पण खालच्या धातूला थेट विरघळवू शकत नाही. चिंचेची जोडी तांब्याशी शतकानुशतकं जमली ती याच योगायोगाने. चिमूटभर मीठ घातलं की काम आणखी लवकर होतं, कारण क्लोराइड तांब्याच्या आयनांना धरून ठेवतं. मात्र या सुरक्षिततेला वेळेची मर्यादा आहे. हवेतला ऑक्सिजन ओल्या तांब्यावर सतत नवा थर चढवत असतो आणि आम्ल तो सतत काढत असतं. कोळ लावून भांडं तासभर बाजूला ठेवलं तर दर मिनिटाला थोडं तांबं खर्ची पडतं. शिवाय मीठ नीट धुतलं गेलं नाही तर खाचांत राहिलेलं क्लोराइड ओलीच्या मदतीने आतून कुरतडू लागतं. पुरातन मूर्तींना लागणारा ‘ब्राँझचा रोग’ म्हणून संग्रहालयांत जो कुप्रसिद्ध आहे, तो याच क्लोराइडचा प्रताप.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि इथे चिंचेचा भरवसा थोडा कमी होतो. जस्त हायड्रोजनच्या वर बसतं, त्यामुळे आम्लाला ते सहज बळी पडतं. आंबट द्रावणात पितळ फार वेळ राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं, तांबं मागे राहतं आणि पिवळ्या भांड्यावर लालसर डाग उमटतात. पुष्कळांना हे डाग ‘अजून नीट न निघालेला मळ’ वाटतात आणि ते आणखी कोळ चोळतात. डाग आणखी लाल होतो. समईच्या बाबतीत गफलत उलट्या दिशेची असते. तिच्यावरचा चिकट काळा लेप म्हणजे जळकं तेल आणि काजळी. आम्लाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तेलाला सोडा किंवा साबण लागतो, कारण अल्कलीने तेलाचा साबण होतो आणि मग तो पाण्याने उचलला जातो. पूर्वी राखेने भांडी घासत, त्यातही हेच तत्त्व होतं: लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. एकाच समईवर वर तेलाचा थर आणि खाली ऑक्साइडचा थर असे दोन निराळे मळ असतात; त्यांना दोन निराळे पदार्थ लागतात, तेही एकापाठोपाठ. लिंबू आणि सोडा एकत्र ओतला की जो फेस उसळतो तो पाहून बरं वाटतं खरं, पण तो फेस म्हणजे आम्ल आणि अल्कली यांनी एकमेकांना संपवल्याची खूण. भांड्याच्या वाट्याला मग खारट पाणी आणि थोडासा खळखळाट तेवढा येतो.

पितळेत ठेवलेली आमटी किंवा ताक कळकतं, हा अनुभव मराठी स्वयंपाकघराला जुना आहे. रसायनशास्त्राच्या लेखी कळकणं आणि उजळणं ही एकच घटना. चिंचेच्या कोळाने भांड्यावरचं तांबं आणि जस्त विरघळून मोरीत गेलं तर आपण त्याला घासणं म्हणतो, तेच आंबट वरणात गेलं तर ते वरण टाकून देतो. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई, आणि कल्हईवाला जे करत असे ते घरगुती रसायनशास्त्राचा उत्तम धडा आहे. भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, कापसाने किंवा चिंधीने ती झपकन फिरवायची आणि लगेच कथलाचा तुकडा लावून तो पसरवायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, पांढरा धूर उठतो, हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरच्या ऑक्साइडला क्लोराइडमध्ये बदलून बाजूला सारतो, आणि उघड्या पडलेल्या धातूला वितळलेलं कथील घट्ट धरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे साधी भट्टी पुरते. इथे नवसागराने केलेली सफाई काही क्षणांपुरतीच असते. ती होते न होते तोच तिच्यावर नवा थर चढवला जातो. उघडा धातू हे कल्हईवाल्याचं ध्येय कधीच नव्हतं. धातू योग्य त्या कपड्याखाली झाकणं हे त्याचं ध्येय होतं.

नवसागरातून सुटणारा अमोनिया कल्हईच्या भांड्यावर घटकाभरच टिकतो, म्हणून तो निरुपद्रवी. घरात आज तो वेगळ्या वाटेने येतो: काचा पुसण्याच्या काही निळ्या फवाऱ्यांत अमोनिया असतो आणि काच पुसताना तोच फवारा पितळेच्या कडीकोयंड्यावर मारायचा मोह होतो. अमोनिया तांब्याच्या आयनांशी गडद निळं संयुग करतो, त्यामुळे मळ निघतोही. पण पितळेचं आणि अमोनियाचं वैर कसं आहे हे कळायला ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्कराला मोठी किंमत मोजावी लागली. पावसाळ्यात मोहिमा थांबत तेव्हा काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवलेली असत. पावसाळा संपल्यावर पितळेच्या कित्येक काडतुसांना तडे गेलेले आढळत. वर्षानुवर्षं त्याला ‘ऋतूचे तडे’ म्हणून हवामानाच्या माथी मारलं गेलं. १९२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी खुलासा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण, या तिघांच्या संगनमताने धातू फाटत होता. सहाव्या निजामाच्या काळात मलकपेठेत घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, तिथे तबेले आहेत. तबेल्यातली पितळी कडी काळी दिसते म्हणून नव्हे, तर अमोनियाने आतून ठिसूळ झाली असेल म्हणून तपासायला हवी. वरून चकाकणारं पितळही आतून तडकलेलं असू शकतं. चकाकीवर विसंबू नये याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही.

चांदीचं गणित आणखी निराळं. चांदीला ऑक्सिजनशी फारसं कर्तव्य नसतं. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असला तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळसर काळा: रंग बदलतो तो थराच्या जाडीप्रमाणे. सांडपाणी जिथे ऑक्सिजनवाचून कुजतं तिथे हा वायू सुटतो, आणि शहराचं सांडपाणी घेऊन चाललेली मुसी मलकपेठेच्या अंगणातून वाहते. अंडी, लोकर, रबर यांतही गंधक असतं, म्हणून निरांजनं रबरबँडने बांधून ठेवणं हा ती काळी करायचा हुकमी उपाय. हा काळेपणा काढण्याची जी युक्ती आज घरोघरी पोचली आहे ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर चांदीची वस्तू, वरून खायचा सोडा आणि मीठ घातलेलं गरम पाणी. सोडा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढतो, चांदी आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकल्याने एक छोटा विजेचा घट तयार होतो, अधिक क्रियाशील ॲल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होते. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. चिंचेने किंवा पॉलिशने मळ जातो तेव्हा त्यातला धातूही जातो. इथे तो परत मिळतो.

ही युक्ती माझ्या म्हणण्याला छेद देणारी वाटेल. काहीच गमवावं लागत नसेल तर निवड कसली करायची? पण परत आलेली चांदी पूर्वीच्या जागी पूर्वीसारखी बसत नाही. ती सच्छिद्र, मंद थर होऊन बसते, तिचा पृष्ठभाग जास्त असतो आणि ती लवकर पुन्हा काळवंडते. त्याहून मोठी अडचण अशी की त्या पाण्याला कुठला काळेपणा काळाने आणला आणि कुठला सोनाराने, हे ओळखता येत नाही. दागिन्यांच्या नक्षीत खोली दिसावी म्हणून खाचा मुद्दाम गंधकाने काळ्या केलेल्या असतात. ऑक्सिडाइज्ड चांदी म्हणून जी हौसेने विकत घेतली जाते तिची शोभा त्या काळ्यातच असते. कागदाच्या पाण्यात ती बुडवली तर दागिना नवा होतो आणि नक्षी नाहीशी होते. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंवर तो थर काही मायक्रॉनचाच असतो. तिथे टूथपेस्टसारख्या खरखरीत पदार्थाने घासणं म्हणजे मुलामा उतरवणं. चांदी मऊ आहे. वाळू, वीटकर, बारीक राख यांतली सिलिका तिच्याहून कितीतरी कठीण असते.

या सगळ्या विचाराची कसोटी लागते ती बिदरीवर. मलकपेठेपासून जवळच, मुसीच्याच काठी, सालारजंग संग्रहालय आहे. १९५१ मध्ये दिवाण देवडीत ते सुरू झालं आणि १९६८ मध्ये सध्याच्या इमारतीत आलं. त्याच्या बिदरी दालनातले हुक्के, पानदानं, सुरया पाहताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते: इथे सौंदर्य काळ्यात आहे आणि चांदी त्या काळ्याच्या आधाराने दिसते. बिदरीचं अंग मुख्यतः जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. वस्तू मातीच्या साच्यात ओतली जाते, तासून गुळगुळीत केली जाते आणि कोरीव रेघ दिसावी म्हणून तिच्यावर मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरता काळेपणा आणला जातो. मग छिन्नीने नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. घासूनपुसून सगळी वस्तू करडी-पांढरी होते. या टप्प्यावर जस्त आणि चांदी वेगळी ओळखणंही अवघड. शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या भागातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापवतात आणि वस्तूला त्याचा लेप देतात. जस्ताचं अंग मखमली काळं पडतं, चांदी तशीच राहते. वरून तेलाचा हात फिरतो. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. कल्हईत जो नवसागर तांब्यावरचा काळा थर उडवतो, तोच नवसागर इथे काळा थर चढवण्याच्या कामी येतो. पदार्थ तोच, डबी तीच. धातू बदलला आणि धर्म बदलला.

आता या पानदानाला चिंच-मिठाचा कोळ लावला तर काय होईल? १८०० मध्ये व्होल्टाने आपल्या विजेच्या घटमालेची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. तिच्यात त्याने चांदी आणि जस्ताच्या चकत्या एकाआड एक रचल्या होत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले होते. बिदरीत चांदी आणि जस्त आधीच एकमेकांच्या अंगाला भिडलेले असतात. उणीव असते ती फक्त खारट पाण्याची, आणि ती आपण पुरवतो. अशा जोडीत झीज नेहमी अधिक क्रियाशील धातूची होते, म्हणजे जस्ताची. आम्लात जस्त हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळू लागतं, काळा थर सुटतो, तारेच्या कडेची खाच रुंदावते आणि तारेची पकड सैल होते. मग सोडा वापरावा, तर जस्त आम्लाप्रमाणे अल्कलीतही विरघळणारा धातू आहे. म्हणजे आपल्या मोरीतले चिंच आणि सोडा हे दोन्ही हुकमी पत्ते इथे उलटतात. बिदरीला लागतं ते कोरडं मऊ फडकं आणि क्वचित तेलाचा हलका हात. चांदीची तार काळवंडली असेल तर कारागीर ती तेवढीच, बाजूच्या काळ्याला धक्का न लावता उजळतो. ज्याला आपण मळ समजतो तोच इथे कलाकृतीचा अर्धा भाग आहे.

कपाटातल्या शोभेच्या वस्तूवरून स्वयंपाकघराला नियम लावता येत नाही, असं कुणी म्हणेल. पण रोजच्या वापरातल्या धातूंतही हेच दिसतं. लोखंडी तव्यावरचा काळा थर म्हणजे तापून एकजीव झालेलं तेल. तोच तव्याला गंजापासून वाचवतो आणि डोसा सुटू देतो. लिंबाने किंवा व्हिनेगरने तो तवा ‘नव्यासारखा’ केला तर रात्रीतून तांबूस गंज धरतो. ॲल्युमिनियम हा फार क्रियाशील धातू आहे. तो आपल्याला निरुपद्रवी वाटतो, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक, घट्ट पापुद्रा आपोआप चढतो. धुण्याच्या सोड्याने तो पापुद्रा जातो आणि पातेलं काळपट, खडबडीत होत जातं. स्टेनलेस स्टीलची सगळी ख्याती त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरावर उभी आहे. मिठाचं किंवा ब्लीचचं पाणी त्यात साठू दिलं तर क्लोराइड त्या थराला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतं. तिन्ही उदाहरणांत धातू टिकतो तो त्याच्यावर असलेल्या थरामुळे. काही थर डोळ्यांना दिसतात आणि त्यांना आपण मळ म्हणतो, काही दिसत नाहीत आणि त्यांना आपण चकाकी म्हणतो. धातूच्या दृष्टीने हा भेद खोटा आहे.

सर्वांत जोरदार आक्षेप परंपरेचा आहे. पिढ्यानपिढ्या चिंचेनेच भांडी घासली, घागरी आणि हंडे शंभर वर्षं टिकले, मग आज हा धाक कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचं कारण वर आलंच आहे: जाड ठोकीव तांब्याला चिंच फारशी इजा करू शकत नाही. पण परंपरेचा पुरावा पुरता पाहायला हवा. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं आणि तारखा कोरलेल्या असत. त्यांतली कित्येक आज बोट फिरवून वाचावी लागतात. देवघरातले चांदीचे टाक पातळ पत्र्यावर ठोकून घडवलेले असतात, आणि जुन्या टाकांवर खंडोबाचा घोडा कुठला आणि भवानीचे हात किती हे सांगणं कठीण होऊन बसतं. टिकलं ते भांडं. त्याच्यावरचं लेखन आणि चेहरे घासणीबरोबर गेले. आणि परंपरेनेही कधी सगळ्यांना एक पदार्थ सांगितलेला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील आणि शिसं यांना क्षार, आम्ल आणि पाणी ज्याला जे योग्य ते वापरावं असं तिथे म्हटलं आहे. लेप न लागलेलं सोनं आणि नक्षी नसलेली चांदी यांना मात्र नुसतं पाणी पुरे ठरवलं आहे. आजच्या ‘सर्व धातूंसाठी एकच’ या घोषवाक्यापेक्षा हा विवेक कितीतरी पुढचा आहे.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आणि तो मला पूर्ण मान्य आहे. तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवायचं असेल तर आतलं जंगाल काढलंच पाहिजे. तांब्याचे क्षार पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या होतात. संग्रहालयातली नियंत्रित हवा घराला परवडत नाही आणि घरातली भांडी काचेत ठेवण्यासाठी नसतात. म्हणूनच माझा आग्रह घासू नये असा नाही. वापराचं भांडं, पूजेचं भांडं आणि कलावस्तू यांना वेगळे नियम लावावेत एवढाच आहे. तिसरा आक्षेप असा की प्रत्येकाने रसायनशास्त्रज्ञ व्हावं ही अपेक्षा अवाजवी आहे. ती खरंच अवाजवी ठरली असती, जर आजच्या घरात चिंच, लिंबू आणि राख एवढंच असतं. पण त्याच फळीवर आज सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं संडास धुण्याचं द्रावण आणि अमोनियाचा फवारा शेजारी शेजारी उभे असतात. ब्लीचमध्ये आम्ल पडलं, अगदी व्हिनेगर पडलं, तरी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया पडला तर क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात हे दोन्ही जिवावर बेततात. न निघणाऱ्या डागावर एकापाठोपाठ एक सगळ्या बाटल्या आजमावून पाहण्याची सवय आता नुसती भांड्याला महाग पडत नाही, माणसालाही पडते. यासाठी लागणारं ज्ञान फार नाही. धातू कोणता आहे, त्याच्यावरचा थर तेलाचा, ऑक्साइडचा, गंधकाचा की मुद्दाम चढवलेला, आणि घासून झाल्यावर खाचेत काय उरणार आहे, एवढे तीन प्रश्न विचारता आले तरी पुरेत. कल्हईवाल्याला आणि बिदरच्या कारागिराला अमोनियम क्लोराइड हे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही. कुठल्या धातूपुढे नवसागर काय करील, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

या तीन प्रश्नांची उत्तरं दर वेळी मिळतीलच असं नाही. मुलामा आहे की भरीव चांदी, काळा रंग कारागिराचा की काळाचा, हे पाहून सांगणं जाणकारालाही अवघड जातं. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत मांडून पाहावी. वापराच्या भांड्याची आतली बाजू सोडली, तर तांब्यावरचा किंवा चांदीवरचा मळ चुकून राहिला तरी तो पुढच्या सणाला काढता येईल. थोडा अधिक काळ वस्तू मंद दिसेल, याखेरीज काही बिघडत नाही. चुकून घासला गेलेला थर मात्र कुठल्याच पुडीने परत येत नाही. टाकावरचं नाक पुन्हा उगवत नाही, मुलामा घरी पुन्हा चढत नाही, आणि बिदरीचा काळा मलकपेठेतल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. त्यासाठी ती वस्तू बिदरला, त्या किल्ल्याच्या मातीपर्यंत न्यावी लागते. एक चूक दुरुस्त होण्याजोगी आणि दुसरी कायमची असेल, तर शंका आली की घासणी खाली ठेवणं हाच हिशेबाचा निर्णय.